सातपुड्याच्या पाड्यावर अभ्यासाला जाताना

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, मोलगी, तोरणमाळच्या पट्ट्यात समाजकार्य, ग्रामीण विकास शिकणारी मुलं पाड्यावर राहायला येतात. काही पुण्या-मुंबईची, काही परदेशी, तर काही शहादा, शिरपूर, चोपडा, रावेरकडची. या शेवटच्यांना वाटतं, आपण तर इथलेच. पण डोंगरात अहिराणी चालत नाही, तिथे पावरा आदिवासींची पावरी आणि भिल्लांची भिलोरी. शिवाय ज्या पावऱ्याच्या घरी उतरायचं, त्याच्याच भाऊबंदांपैकी कुणी तुमच्या केळीच्या बागेत सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, असू शकतो. घरी सालदाराला 'ए' म्हणायची सवय असेल तर ती घाटाखाली ठेवा. एकदा जीभ घसरली की समोरचा 'हो शेठ' म्हणतो, आणि पुढची सगळी उत्तरं शेठला द्यायची उत्तरं होतात.

कॉलेजं सोयीचे म्हणून डिसेंबर-जानेवारी निवडतात. पण दिवाळीनंतर बरीच कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. तेव्हा घरं मोजलीत तर म्हातारी माणसं, थोडी पोरं आणि बंद दारं सापडतील, आणि अहवालात 'तरुणांचं प्रमाण कमी' असं छापून येईल. होळीच्या सुमारास माणसं परततात. मोहफुलांच्या दिवसांत मात्र पहाटेपासून वेचणी चालते. उन्हं चढेपर्यंत मुलाखत मागू नका. टोपली घेऊन सोबत जा, वेचलेलं घरच्यांच्या टोपलीत टाका.

गावात शिरताना कॉलेजचं मराठी पत्र सरपंच, पोलीस पाटील आणि पाड्याचा कारभारी या तिघांना दाखवा. पहिल्या संध्याकाळीच स्पष्ट सांगा: घरकुल, रस्ता, वनपट्टा, यातलं आमच्या हातात काही नाही, आम्ही शिकायला आलोय. हे तीनदा सांगावं लागतं. पहिले दोन दिवस वही काढू नका. 'किती शेत नांगरता?' हा प्रश्न तुम्हाला साधा वाटतो. पण कसत असलेल्या वनजमिनीसाठी 2006 च्या वनहक्क कायद्याखाली केलेला दावा अडकून पडलेल्या माणसाला तो वनखात्याचा वाटतो. मोहाच्या दारूबद्दल विचारलंत तर पोलिसांचा वास येतो. दोन्हींची उत्तरं खोटी मिळतील, आणि त्यात चूक तुमची.

दुभाषी म्हणून शाळेतली चुणचुणीत पोर पकडू नका. तिची शाळा बुडते, आणि बापाच्या कर्जाचा प्रश्न तिच्याच तोंडून विचारला जातो. गावातला शिकलेला मोठा माणूस घ्या, त्याला शेतमजुरीपेक्षा कमी देऊ नका. बायकांशी बोलायचं असेल तर दुभाषी बाईच हवी.

आता खर्चाचं. माणशी रोजचा दर आधी ठरवा. मोबाइलला रेंज असेलच असं नाही, म्हणून रोख, सुट्ट्या नोटांत, घरातल्या बाईच्या हातात द्या. रांधायचं, पाणी भरायचं तिलाच असतं. दोघं दहा दिवस राहणार असतील तर धडगावच्या बाजारातून तूरडाळ 2 किलो, तेल 2 लिटर, साखर 2 किलो, चहापत्ती अर्धा किलो, कांदे-बटाटे 5 किलो न्या. पाहुणे आले की शेजारीपाजारीही चहाला येतात, म्हणून साखर हात राखून घेऊ नका. पोहोचताच 'हे आमच्या वाटचं' म्हणून द्या. भेट म्हणून दिलंत तर घरचे ते जपून ठेवतील आणि तुम्हाला आपल्या कणगीतलं वाढतील.

पाण्यात खरी गोम आहे. हंड्यात साधारण 12 ते 15 लिटर मावतं, म्हणजे तुमच्या एका बादलीच्या आंघोळीपायी सुनेची झऱ्याची एक खेप जाते, तीही उन्हाळ्यात चढावर. आंघोळीला झऱ्यावर किंवा हापशावर जा, बायकांची वेळ टाळून.

बाज दिली तर पहिल्या रात्री तिच्यावरच झोपा. 'आम्ही जमिनीवरच झोपू' हा हट्ट यजमानाला अपमान वाटतो, आणि दहा दिवस जमिनीवर झोपून कुणी गरीब होत नाही. परतीचं तिकीट खिशात असतंच. 'अस्सल आदिवासी जेवण' मागू नका. घरात रेशनचा भात शिजत असेल तर तोच जेवा. कोंबडा कापायची तयारी दिसली तर वेळीच थांबवा, कारण अडीनडीला तोच बाजारात विकला जातो. तरीही कापलाच तर पोटभर खा आणि दर वाढवून द्या.

चॉकलेटं, जुने कपडे वाटू नका. दुसऱ्या दिवशी पोरं तुमच्या मागे फिरतात आणि पुढच्या तुकडीकडेही तेच मागतात. होळीला पाळणी (व्रताचे नियम) धरून, अंग रंगवून नाचणाऱ्या बावा-बुध्यांचे फोटो परवानगीशिवाय नकोत, सगळे काढताहेत म्हणूनही नकोत. काढलेले फोटो शहाद्याला छापून पुढच्या फेरीत किंवा शिक्षकांमार्फत पोहोचवा.

अहवालात पाड्याचं नाव आणि कुणाचं किती शेत हे एकत्र छापू नका. त्याचा चार पानी मराठी गोषवारा करा, ग्रामसभेत वाचून दाखवा, दुभाष्याकडून पावरीत सांगा. कुणी म्हणालं, हे आमचं नाही, तर ते पान बदलून मगच कॉलेजात जमा करा. म्हणून जमा करायच्या तारखेआधी किमान तीन आठवडे हाताशी ठेवा.