फाटकाबाहेरचा तास: प्रौढ कार्यशाळेत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

विशेष शिक्षणाचं डी.एड. किंवा बी.एड. झालं, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक हातात पडला की बहुतेक जण लहान मुलांच्या विशेष शाळेत जागा शोधतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना काम नि व्यवहार शिकवणाऱ्या कार्यशाळेकडे वळणारे थोडेच. कारण उघड आहे. इथली ‘मुलं’ अठराच्या पुढची, काही तर चाळिशीची. प्रगती सावकाश दिसते आणि विनाअनुदानित संस्थेत मानधन जेमतेम. तरीही यायचं ठरवलं असेल तर आधीच सांगते: पणत्या रंगवणं, फुलवाती वळणं, राख्या, उटणं, कागदी पिशव्या या कामांत तुमचा हात लवकर बसेल. खरा कस लागतो तो फाटकाबाहेर. मंडई, बस, बँक, न्हाव्याचं दुकान.

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी वापरणं जड जातं, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं असतं. त्याचा अर्थ मंडईत कळतो. वर्गात प्लास्टिकची भाजी आणि खोट्या नोटा घेऊन झकास दुकान-दुकान खेळणारा दादा (आमच्याकडे सगळे दादा आणि ताईच) खऱ्या बाजारात गप्प उभा राहतो. तिथे गलका असतो, मागून कुणीतरी ढकलत असतं आणि भाजीवाल्या मावशी मान वर न करता भाव सांगतात. तेव्हा वेळापत्रकातला ‘व्यवहारज्ञान’ हा तास वर्गात घेऊ नका. पिशव्या घ्या आणि निघा. एका वेळी दोघं-तिघं पुरेत. सगळी कार्यशाळा रांगेने नेली तर ती सहल होते, कुणीच काही विकत घेत नाही.

आम्ही कोल्हापूरकर, त्यामुळे आमचा वर्ग कपिलतीर्थ मंडईत भरतो. वजाबाकी न येणाऱ्या माणसाला पैसे कसे द्यायला शिकवायचे, हा नव्या शिक्षकाला पडणारा पहिला प्रश्न. वजाबाकी शिकवत बसू नका. खिशात फक्त दहाच्या नोटा ठेवा. मेथीची पेंडी 25 रुपयांना असेल तर दहा, वीस असं मोजायचं आणि वर एक नोट जास्त द्यायची. मग हात पुढे करून थांबायचं. उरलेले पैसे किती ते कळलं नाही तरी चालेल, पण ते हातात पडेपर्यंत हलायचं नाही, एवढं पक्कं झालं पाहिजे. मोठ्या नोटा त्यानंतर. 2016 च्या नोटाबंदीनंतर नोटांचे रंग नि आकार बदलत गेले. रंगावरून नोट ओळखणाऱ्यांची पाटी तेव्हा कोरी झाली. आजही 20 आणि 200 च्या नोटांत गल्लत होते, कारण दोन्ही पिवळ्याच्या जवळपास. या दोन नोटा शेजारी शेजारी ठेवून अंक वाचायला लावा, रंग विचारू नका.

आता खरी परीक्षा, आणि ती तुमची. मावशी विचारतात, पण दादाला नाही, तुम्हाला: ‘‘काय पायजे वो ह्येला?’’ तोंडावर उत्तर आलेलं असतं. देऊ नका. मावशींकडेही बघू नका, दादाकडे बघा. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, तुम्हाला घाम फुटतो, दादा पिशवीचा बंद पिळत असतो. मग तो मेथीकडे बोट करतो. शब्द नाही आला तरी बोट चालतं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायची सवय लावून घ्या. पाच-सहा खेपांनंतर मावशीच ‘‘दादा, आज मेथी का पालक?’’ म्हणायला लागतात. त्या दिवशी एक शिक्षक फुकटात वाढला असं समजा. म्हणून दर वेळी त्याच गाळ्यावर जायचं. स्वस्त भाजी शोधत फिरू नका.

मोबाइलने पैसे देणं यातल्या काहींना नोटांपेक्षा सोपं जातं. क्यूआर कोड धरायचा, आकडे दाबायचे, डबा मोठ्याने रक्कम बोलतो. पण गोड बोलून पिन काढून घेणारेही भेटतात, आणि ‘कुणाला सांगायचं नाही’ ही गोष्ट समजावणं बेरजेपेक्षा अवघड. फोनला जोडलेल्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवायला घरच्यांना सांगा.

बसचं शिक्षण सर्वांत लांबतं आणि सर्वांत जास्त परतावा देतं. आधी कामाचे तुकडे पाडा: थांब्यावर उभं राहणं, हातातल्या कार्डावरचा क्रमांक बसवरच्या क्रमांकाशी जुळवणं, हात करणं, दांडा धरणं, पास दाखवणं, आपल्या थांब्याच्या आधीची खूण ओळखून दाराशी येणं. उतरण्यापासून सुरुवात केली तर बरं. शेवटचा तुकडा आधी जमला की रोज ‘मी पोचलो’ म्हणून प्रवास संपतो, नि त्याची गोडी वेगळी. मग एकेक तुकडा मागे जात जोडायचा. तुम्ही आधी शेजारी बसा, मग मागच्या सीटवर, मग बसच्या मागे दुचाकीवर. केएमटीच्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, मागे गाडी चालवताना पोटात गोळा येतो, तो येऊ द्या.

आणि हरवण्याचीही तालीम घ्या. रस्ता खणला की थांबा हलतो, बसचा मार्ग बदलतो. अशा वेळी चालत सुटायचं नाही, उभं राहायचं आणि कंडक्टरला किंवा दुकानदाराला गळ्यातलं कार्ड दाखवायचं, हे ठरवून, मुद्दाम एक थांबा पुढे उतरवून शिकवावं लागतं. तुम्ही आडोशाला असताच. एसटीत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना भाड्यात 75 टक्के सवलत असते. ती दादाने स्वतः कार्ड दाखवून मागायची.

समाजात मिसळण्याचा एक उलटा प्रकारही तुमच्या वाट्याला येईल. कुणाचा तरी वाढदिवस असतो, केक येतो, फळवाटप होतं, फोटो निघतात. दात्यांना नाही म्हणणं संस्थेला परवडत नाही, हे मान्य. पण तिशीच्या पुरुषाचे गाल ओढून ‘‘किती गोड’’ म्हणणाऱ्या पाहुण्यांसमोर गप्प बसू नका. माझा उपाय साधा आहे. पाहुण्यांना बसवायचं, चहा आमच्या ताया करतात, दादा ट्रे फिरवतात, केक पाहुण्यांना तेच वाढतात. देणारा-घेणारा एवढ्याने बदलतो. हस्तांदोलन कुणाशी, मिठी कुणाला आणि ‘‘हात लावू नका’’ कधी म्हणायचं, हे यातच शिकवून होतं. खासकरून तायांना ते आलंच पाहिजे. 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाच्या फेरीत फलक धरून चालण्यापेक्षा हे मला जास्त मोलाचं वाटतं.

दिवाळीच्या स्टॉलचंही तसंच. पालक आणि शिक्षक विक्री करतात, दादा-ताया मागे गणवेशात बसलेल्या असतात. मग स्टॉल कशाला? पणती कागदात गुंडाळणं एकाकडे, पिशवीत भरणं दुसऱ्याकडे, ‘‘नमस्कार, बघा ना’’ म्हणणं तिसऱ्याकडे. विक्री थोडी कमी होईल. होऊ दे.

रुजू होण्याआधी जमलं तर दोन-तीन ठिकाणं पाहून या. रजनीताई लिमये यांनी 1977 साली नाशिकला सुरू केलेल्या प्रबोधिनी ट्रस्टमध्ये शाळेपासून कार्यशाळेपर्यंतचा प्रवास दिसतो. मुंबईत जुहूला 2018 साली सुरू झालेल्या कॅफे अर्पणमध्ये विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी काम करतात. तिथे गिऱ्हाईक म्हणून बसा आणि तुम्ही स्वतः किती धीर धरता ते तपासा. खेळाची आवड असेल तर स्पेशल ऑलिम्पिक्स भारतचे युनिफाइड खेळ बघा, त्यात अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच संघात खेळतात.

कागदपत्रांचं थोडक्यात: मुलगा अठराचा झाला की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेक घरांना ठाऊकच नसतं. बँकेत खातं उघडताना ते अचानक समोर येतं. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. ही माहिती प्रवेशाच्या वेळीच द्या.

पालकांशी मात्र सबुरीने घ्या. ‘‘आमच्या मागं ह्याचं कसं?’’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तीच आई त्याच्या शर्टाची बटणं लावते. व्याख्यान देऊन हे सुटत नाही. मागायचं ते एकच काम, अगदी छोटं: सकाळचं दूध त्याने आणायचं. सुरुवातीला वडिलांनी सोबत जावं, नंतर कोपऱ्यावर थांबावं. तुम्ही आधी त्या दुकानदाराला भेटून या, आपला नंबर त्याच्याकडे ठेवा. सोमवारी दूध कोणी आणलं ते दादालाच विचारा, आणि वहीत लिहायचं ते त्याचं उत्तर, आईचं नव्हे.