विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

बेळगावात विहिरीच्या पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "टीडीएस किती आला?" आकडा २५० असला की पाणी चांगलं ठरतं आणि कागद कपाटात जातो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, जंतू नव्हेत. विहिरीलगत शौचखड्डा असेल तर २५० टीडीएसचं पाणीही पोट बिघडवतं.

म्हणून आधी कोलिफॉर्म आणि ई. कोलाय, म्हणजे सांडपाणी-मैला मिसळल्याचा संशय दाखवणाऱ्या जंतूंच्या ओळी शोधा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) १०० मिलि पाण्यात दोन्ही आढळता कामा नयेत. रकान्यात '२ पेक्षा कमी' लिहिलं असेल तर घाबरू नका. एमपीएन, म्हणजे जंतूंची संख्या अंदाजानं काढायच्या पद्धतीत त्याचा अर्थ जंतू सापडले नाहीत असाच.

कोल्ड्रिंकच्या बाटलीत पाणी भरून नेलं असेल तर मात्र या ओळींवर विश्वास ठेवू नका. जंतूंच्या तपासणीसाठी लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या. आत औषधाचा अंश असतो, ती विसळू नका, आणि नमुना थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. आदल्या दिवशी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून 'रिपोर्ट स्वच्छ आला' म्हणणारेही भेटतात. त्यांना काय सांगायचं?

निपाणी-चिकोडीकडे उसाच्या मळ्यात विहीर असेल तर खतातून पाण्यात उतरणारं नायट्रेट बघाच. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, त्यात सवलत नाही. काही लॅब हाच आकडा 'नायट्रोजन म्हणून' देतात. तिथं १२ लिहिलेलं पाहून हायसं वाटतं, पण त्याला ४.४३ नं गुणा, ५३ होतात! पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यानं प्रमाण वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दूध पावडर अशा पाण्यात कालवू नका.

कठीणपणाची भीती मात्र उगाच घेतली जाते. मर्यादेचे रकाने दोन, लिटरला २०० आणि ६०० मिलिग्रॅम. दुसरा फक्त दुसरं पाणीच मिळत नसेल त्यांच्यासाठी. ३५० आला तर डाळ उशिरा शिजेल, साबणाला फेस येणार नाही, पण तेवढ्यासाठी महागडं आरओ घ्यायची घाई नको. खानापूरच्या जांभ्या भागात लोह जास्त येऊ शकतं. उपसताना स्वच्छ दिसणारं पाणी कळशीत तांबूस झालं तर संशय तिकडे.

कागद कन्नड-इंग्रजीत असेल तर शाळेतल्या पोरांना वाचायला लावा, पण एकक कोणतं ते स्वतः बघा.

ई. कोलाय सापडला तर पाणी उकळूनच प्या. विहिरीत दर हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर कालवून निवळी टाका आणि तासभर थांबा. क्लोरीन पूर्ण गेल्यावर पुन्हा नमुना द्या. पुन्हा तेच आलं तर पावडर वाढवत बसू नका, कठड्याची भेग, पाणी मुरणारी मोरी आणि शौचखड्डा तपासा.