शनिवारी संध्याकाळी काढून ठेवायचे कपडे: चर्चला जाणाऱ्या पुरुषांसाठी तयारीची यादी

उपासना रविवारी असली तरी कपड्यांची तयारी शनिवारी संध्याकाळीच उरकायची. ज्यांची उपासना शनिवारी असते त्यांनी शुक्रवार धरावा. चर्चच्या दारात उभं राहून येणाऱ्यांचं स्वागत करायची सेवा माझ्याकडे बरीच वर्षं आहे, आणि तिथून एक गोष्ट दर आठवड्याला दिसते. ज्याने आदल्या रात्री शर्ट काढून ठेवलेला असतो तो येतो, बसतो आणि प्रार्थनेला लागतो. ज्याने सकाळी घाईघाईत कपाट उपसलेलं असतं तो तिसऱ्या गीतापर्यंत कॉलरच चाचपत राहतो. कपडे असे हवेत की एकदा बाकावर बसल्यावर त्यांची आठवण आपल्याला होऊ नये आणि मागे बसलेल्यालाही होऊ नये. पुढची सगळी यादी मी याच कसोटीवर लावली आहे.

पहिलं काम चौकशीचं. नव्या चर्चला जाणार असाल तर ओळखीच्या माणसाला किंवा चर्चच्या कार्यालयात सरळ विचारा, "पुरुष साधारण काय घालून येतात?" हा प्रश्न विचारण्यात कमीपणा नाही, कारण उत्तर चर्चागणिक बदलतं. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात अर्ध्या चड्डीत किंवा उघड्या खांद्यांनी गेलात तर दारावरच अडवतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुरुषाने फुल पँट घालावी आणि डोकं उघडं ठेवावं अशी अपेक्षा असते. इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पादत्राणं बाहेर राहतात आणि अंगावर पांढरी सुती शाल येते. लॅटर-डे सेंट्सच्या (ज्यांना मॉर्मन म्हणतात) सभेत पांढरा शर्ट आणि टाय हा रूढ वेश आहे, साल्व्हेशन आर्मी या लष्करी धर्तीवर चालणाऱ्या ख्रिस्ती संस्थेचे लोक गणवेशात येतात, तर कितीतरी मंडळ्यांत पाळक स्वतःच जीन्स घालून उपदेश करतात. कोणाला विचारायला जमलं नाही तर फुल पँट, कॉलरचा शर्ट आणि बंद बूट घाला. एवढ्यावर बहुतेक कुठेही निभावतं.

आता शर्ट. कपाटातून काढून दिव्याखाली धरा आणि चार ठिकाणी बघा: कॉलरची आतली कड, काखा, बाहीची टोकं आणि वरून दुसरं बटण. कॉलरचं बटण लावल्यावर गळ्याशी दोन बोटं सहज गेली पाहिजेत, नाहीतर तासभर उभं राहून गाताना गळा आवळतो. सुती शर्ट थोडा ओलसर असतानाच इस्त्री करा. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी अंग. पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरा बनियन घातला तर त्याच्या पट्ट्या उठून दिसतात, त्यापेक्षा अंगाच्या रंगाजवळचा बनियन बरा. आणि शर्टाची लांबी घरीच तपासा. खोचून झाल्यावर गुडघे टेका, वाका, उठा. पाठीमागून शर्ट सुटून वर आला तर तो शर्ट चर्चसाठी आखूड आहे, दिसायला कितीही चांगला असो.

टी-शर्ट चालतो अशा चर्चला जात असाल तर त्याची पाठ वाचून बघा. पुढचं चित्र आपण आरशात पाहतो, पण मागच्या बाकावरची माणसं दीड तास पाठीवरचा मजकूरच वाचत बसतात. जाहिरात, घोषणा, राजकारण, दारूच्या कंपनीचं नाव यांतलं काहीही पाठीवर नको.

जाड आणि घाम काढणारं कापडही टाळावं. बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकाच्या 44व्या अध्यायात याजकांसाठी सांगितलंय की आतल्या अंगणात सेवा करताना तागाची, म्हणजे लिननची, वस्त्रं घालावीत, लोकर नको, घाम येईल असं काही अंगावर नको. ते नियम त्या मंदिराचे आणि त्या याजकांचे, आपल्यावर बंधनकारक नाहीत. पण सेवा करणाऱ्याच्या घामाचासुद्धा तिथे विचार झालाय हे मला फार मोलाचं वाटतं. उकाड्यात केवळ रिवाज म्हणून सूट चढवून घेरी येणारी माणसं मी पाहिली आहेत. हवा बघून कापड निवडा.

कोट घालणार असाल तर खालचं शेवटचं बटण उघडं ठेवतात आणि बसताना सगळीच बटणं सोडतात. टायचं टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावं. पट्टा आणि बूट एका रंगाचे असले की झालं, याहून जास्त मेळ बसवत बसू नका.

पँट बसून तपासायची. उभ्याने बरोबर वाटणारी पँट बसल्यावर वर सरकते आणि आखूड मोजा असेल तर नडगी उघडी पडते. म्हणून मोजे लांब घ्या. गुडघे टेकायची पद्धत असेल तर गुडघ्याशी घट्ट बसणारी पँट नको, शिवण उसवते.

बुटांवर मी जरा जास्त थांबतो, कारण त्यांच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. वेदीसमोर प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्यासाठी, गुडघे टेकले की आपल्या बुटांचे तळवे सगळ्या मंडळीकडे होतात. लग्नात तर हमखास. नवरदेव आशीर्वादासाठी गुडघ्यावर आणि तळव्याला दुकानाचं किमतीचं लेबल तसंच चिकटलेलं, हे मी स्वतः पाहिलंय. आख्खी मंडळी ते वाचत होती आणि त्या बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. म्हणून बूट उलटे करून बघा: लेबल, च्युइंगगम, चिखल, झिजलेली टाच. पॉलिश रात्री लावा आणि ब्रश सकाळी मारा, चमक चांगली येते. पॉलिश ताजं असताना निघालात तर पँटच्या काठाला डाग पडतो. नवे कोरे बूट पहिल्यांदाच चर्चला घालू नका, ते करकरतात आणि चावतात. जिथे पादत्राणं काढायची असतात तिथे मोजे महत्त्वाचे. धुतलेले, जोडीचे, अंगठ्याला भोक नसलेले.

केस कापायचे तर दोन-तीन दिवस आधी कापा, म्हणजे मानेवरची कापल्याची रेघ जरा मऊ होते. कलप लावायचा असेल तर तोही आधीच, आणि पहिल्यांदाच लावत असाल तर त्याआधी त्वचेच्या छोट्या भागावर लावून दोन दिवस वाट बघा. पुरुषाचे केस किती लांब असावेत यावर मंडळ्यांत अजून वाद होतात. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात पुरुषाने केस वाढवणं त्याला अशोभनीय आहे असं म्हटलंय, त्यावर बोट ठेवून तरुणांना बोलणारे वडीलधारे मला माहीत आहेत. पण त्याच शास्त्रात गणना या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात नाजीराच्या, म्हणजे देवाला वाहून घेण्याचा नवस केलेल्या माणसाच्या, डोक्याला वस्तरा लागू नये असंही सांगितलंय, आणि प्रेषितांची कृत्ये 18:18 मध्ये नवस असल्यामुळे पौलाने किंख्रिया या गावी केस कातरल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे मी लांबी मोजत नाही. केस धुतलेले, विंचरलेले, डोळ्यांवर न येणारे असावेत. लांब असतील तर मागे बांधा. ज्या मंडळीत याबद्दल लेखी नियम आहे तिथे सेवेत उभं राहायचं असेल तर तो नियम पाळा किंवा आधी पाळकांशी बोला. आयत्या वेळी वाद नको.

दाढी ठेवली तरी चालते, केली तरी चालते, पण ती ठरवून ठेवलेली दिसावी. पूर्वेकडच्या चर्चांत धर्मगुरू दाढी राखतात, आमिश या साधं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथातले पुरुष लग्नानंतर दाढी ठेवतात आणि मिशी काढतात, आणि कित्येक मंडळ्यांत गुळगुळीत चेहरा हीच शिस्त मानतात. तुमची जी असेल ती नीट करा: मानेवरची रेषा साफ, गालांवरचे सुटे केस काढलेले. मिशी मात्र नक्की बघा. प्रभुभोजनात जिथे एकाच प्याल्यातून सगळे घेतात तिथे ओठावर लोंबणारी मिशी द्राक्षारसात बुडते आणि प्याला पुढच्याकडे जातो. कंगव्याने मिशी खाली विंचरा आणि ओठाच्या कडेला छोट्या कात्रीने कापा. दोन मिनिटांचं काम आहे. नाका-कानातले केसही त्याच वेळी.

हातांकडे वळा. जिथे प्रभुभोजनाची भाकर तळहातावर देतात तिथे देणारा तुमच्या हातांकडेच पाहत असतो. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावाने आलेल्या शिकवणीत, डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धरावा असं सांगितलंय, आणि ती पद्धत आजही दिसते. तर नखं कापलेली, आत मळ नाही, बोटांवर शाईचे डाग नाहीत. यंत्रावर किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषांत काळं बसलेलं असतं आणि ते धुऊन जात नाही. तो कष्टाचा रंग आहे, मळ नव्हे. त्याचा संकोच करू नका आणि दुसऱ्याला करायला लावू नका.

अंघोळ, स्वच्छ बनियन, दात घासलेले, एवढं झालं की सुगंधाची गरज जवळजवळ उरत नाही. सेंट मारायचाच तर घरातून निघण्याच्या अर्धा तास आधी आणि अगदी थोडा. आपल्या शेजारी दम्याचा माणूस बसू शकतो. सिगारेट ओढून लगेच बाकावर बसू नका, गीतपुस्तक दोघांत धरलं की श्वास शेजाऱ्याच्या तोंडावर जातो.

टोपीचं लवकर आटपतो. बहुतेक चर्चांत पुरुष आत येताना टोपी काढतात आणि त्याचं मूळ करिंथकरांच्या त्याच 11व्या अध्यायात आहे. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या कायद्यात पुरुषांनी डोकं उघडं ठेवावं असं कलमच होतं, 1983 च्या कायद्यात ते राहिलं नाही, पण सवय टिकली. गॉगलही काढा. मात्र उपचारांमुळे केस गेलेला एखादा भाऊ टोपी घालून बसला असेल तर त्याला हटकू नका, कारणही विचारू नका.

काही प्रसंगांना वेगळी तयारी लागते. पाण्यात बुडवून बाप्तिस्मा होणार असेल तर पांढरं कापड भिजल्यावर आरपार दिसतं हे लक्षात ठेवून आत गडद रंगाची जाड चड्डी आणि बनियन घाला. सोबत टॉवेल, कोरडे कपडे आणि ओले कपडे ठेवायला पिशवी घ्या. बाळाचे धर्मपिता असाल तर घड्याळ, कोटावरची पिन आणि खरखरीत कापड नको, बाळाचा गाल तिथेच टेकतो. पवित्र गुरुवारी येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीत ज्यांचे पाय धुतात त्या बारा जणांत नाव असेल तर नखं कापून जा, झटकन निघणारे बूट घाला आणि पोटरीपर्यंत सहज दुमडता येईल अशी पँट निवडा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात, म्हणून तिथले केस मागे घ्या. वाचन किंवा गायनासाठी झगा घालायचा असेल तर झग्याखाली दिसतात ते फक्त बूट, म्हणून त्या दिवशी पांढऱ्या स्पोर्ट्स शूजना सुट्टी द्या. आणि शवपेटीला खांदा द्यायचा असेल तर खांद्यात ताणला न जाणारा कोट आणि न घसरणारे तळवे, बाकी काही पाहू नका.

दारात उभं राहणाऱ्यांसाठीही यादीत एक नोंद आहे, आणि ती माझ्या मनात सगळ्यात खोल बसलेली आहे. एका सकाळी रात्रपाळी संपवून थेट आलेला एक माणूस पायऱ्यांवर थांबला होता. कपड्यांवर तेलाचे डाग, हातात डबा. मला म्हणाला, "दादा, या कपड्यांत आत आलं तर चालेल का?" मी "या ना" म्हणेपर्यंत आमच्यातल्याच एकाने त्याला म्हटलं, "घरी जाऊन बदलून या, अजून वेळ आहे." तो मान हलवून गेला. मी गेटपर्यंत मागे धावलो, तो रस्ता ओलांडून दिसेनासा झाला होता. पुढच्या कित्येक रविवारी मी त्या पायऱ्यांवर त्याला शोधलं. तो आला नाही.

बायबलमध्ये याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अगदी हाच प्रसंग घातलाय: सोन्याची अंगठी आणि भपकेदार कपडे घातलेल्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला "तू उभा राहा, नाहीतर माझ्या पायापाशी बस." वर लिहिलेली यादी आपण आपल्यासाठी वापरायची असते. दारात उभं राहून दुसऱ्यावर ती चालवायची नसते. माझ्यापुरतं मी ठरवलंय की जो येईल त्याला आधी बाकावर बसवायचं. नियम फारच कडक असतील अशा चर्चांनी दाराशी दोन-तीन धुतलेले शर्ट, एखादी शाल ठेवावी आणि ती देताना आवाज खाली ठेवावा.

रविवार सकाळसाठी फार थोडं उरतं. दानाचे पैसे शर्टाच्या वरच्या खिशात ठेवा, म्हणजे थैली आल्यावर पाकीट चाचपावं लागत नाही. किल्ल्या आणि सुटे पैसे वेगवेगळ्या खिशांत, वाजू नयेत म्हणून. धुतलेला रुमाल घ्या, तो स्वतःला नाही लागला तरी शेजारच्याला लागतो. फोन घरातून निघतानाच बंद करा.

परत आल्यावर कोट हँगरला टांगा, बूट कपाटात ठेवण्याआधी तासभर वाऱ्यावर ठेवा, आणि शर्ट धुवायला टाकताना बटणं एकदा ओढून बघा. एखादं सैल लागलं तर त्याच संध्याकाळी सुई-दोरा घ्या.