नाशिकमधे लाउंजचा जॅझ ट्रिओ कसा उभा करायचा आणि टिकवायचा

पियानो बरा वाजतो, जॅझचं वेड आहे, पण नाशकात राहून यातलं काही होणार नाही असं समजून बरेच जण विषय सोडून देतात. होतं हो. वीकेंडला मुंबई-पुण्याहून वायनरी बघायला आलेली मंडळी असतात, आठवडाभर सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या कामाला आलेले पाहुणे हॉटेलांत उतरलेले असतात, संध्याकाळी त्यांना निवांत बसायचं असतं. फक्त एक लक्षात घ्या, एका रात्रीचा शो वेगळा आणि रेसिडेन्सी, म्हणजे दर आठवड्याला ठरल्या दिवशी त्याच जागी वाजवणं, वेगळं. रेसिडेन्सी तुमच्या सोलोवर टिकत नाही, तेच तिघं, म्हणजे पियानो, बेस आणि ड्रम्सवाला, एकमेकांना धरून राहिले तर टिकते.

अमेरिकन पियानोवादक अहमद जमाल यांचा ट्रिओ ऐका. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमधे ते कायमचे वाजवायचे, बेसवर इस्राएल क्रॉस्बी, ड्रम्सवर व्हर्नेल फोर्नियर. जानेवारी १९५८ मधे तिथंच झालेलं त्यांचं रेकॉर्डिंग शंभरहून जास्त आठवडे बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या रेकॉर्डच्या, यादीत होतं. त्यात जमाल कितीतरी वेळा हात उचलून नुसते थांबतात आणि बेस-ड्रम्स गाणं पुढे नेतात, कारण मागचे दोघं काय करणार हे त्यांना पक्कं माहीत असतं. हे रोज एकत्र वाजवल्याशिवाय येत नाही.

माणसं कुठे मिळतील? शरणपूर रोडकडच्या चर्चमधे वाजवणारी पोरं, ऑर्केस्ट्रावाले, म्युझिक क्लासेस, आधी तिथं विचारा. बेसवाला मिळणं सगळ्यात अवघड, डबल बेस नसेल तर बेस गिटार चालेल पण त्याला वॉकिंग, म्हणजे दर मात्रेला एक स्वर चालवत नेणं, जमलं पाहिजे. मुंबईचा बेसवाला धरलात तर रात्रीची खोली आणि सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट आधीच हिशोबात धरा. ड्रमर ढोल पथकातला असेल तर लयीला पक्का असतो, हात मात्र जड असतो, त्याला पहिले काही महिने काठ्या न देता फक्त ब्रश, म्हणजे तारांचे मऊ झाडू, द्या. हाय-हॅट, म्हणजे पायानं मिटणाऱ्या दोन झांजा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, बेस ड्रम इतका हलका की ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे.

आता तुमचा डावा हात. एकटे वाजवायची सवय असलेले पियानोवाले इथंच अडतात, बेसवाला खाली मूळ स्वर वाजवतोय आणि हेही तोच ठोकतायत, मग सगळा चिखल. तुम्ही मूळ स्वर सोडा, कॉर्डमधला, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला, फक्त तिसरा आणि सातवा धरा. डी मायनर सेव्हनला एफ आणि सी. जी सेव्हन आला की एफ तसाच ठेवून सी अर्धा स्वर उतरून बी. सी मेजर सेव्हनला बी तसाच ठेवून एफ उतरून ई. दरवेळी एकच बोट हलतं आणि कॉर्ड बदललेली स्पष्ट कळते, हे बाराही स्वरांतून रोज घासा, इतकं की पाहुणा बोलायला आला तरी हात चालू राहिला पाहिजे.

इशारे ठरवून घ्या. डोक्याला हात लावला की मूळ चालीवर परत, मूठ म्हणजे शेवट, चार बोटं म्हणजे ड्रमरशी चार-चार बारची (बार म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन) देवाणघेवाण. लाउंजमधे ओरडून सांगता येत नाही.

आवाजाबद्दल हॉटेलवाले सगळ्यात जास्त बोलतात आणि त्यांचं बरोबरच असतं. शेजारच्या टेबलवरच्या दोघांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे, हीच मोजणी. साधारण पाऊण तासाचा सेट, मग पंधरा मिनिटं ब्रेक, असे तीन सेट धरा. पहिल्या सेटला लोक नुकतेच टेकलेले असतात, तेव्हा मध्यम लयीची गाणी ठेवा, वेगवान गाणी दुसऱ्यात. वाइनयार्डच्या लॉनवर वाजवत असाल तर रात्री १० ला स्पीकर बंद, कायदाच आहे, शेवटचा सेट त्याआधी संपवा.

फर्माइश येणार, बहुतेक जुन्या हिंदी गाण्याची, आणि काही जॅझवाले तोंड वाकडं करतात ते मला अजिबात पटत नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादकच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात होते. आपल्या शेजारच्या पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र घ्या, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांच्याबरोबर काम करायचे. त्या गाण्यांत आधीपासूनच स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, आहे, आपण बाहेरून काही चिकटवत नाही. एकदा चाल साधी वाजवा म्हणजे मागणाऱ्याला ओळखू येईल, मग दोन फेऱ्या तुमच्या, आणि परत चालीवर. वाढदिवसाचं गाणं मात्र कुठल्याही स्वरात तयार ठेवा, वेटर केक घेऊन निघाला की चालू गाण्याच्याच स्वरात त्यात शिरता आलं पाहिजे.

करार तोंडी नको. किती महिने, बंद करायचं तर किती दिवस आधी कळवायचं, पैसे कुठल्या तारखेला, जेवण, आणि पियानो हॉटेलचा असेल तर ट्यूनिंग कोण करणार, पावसाळ्यात दमटपणानं त्याचे सूर बिघडतातच. ड्राय डेचं वेगळं कलम घाला, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, गांधी जयंती, शिवाय निवडणुका, बार बंद म्हणून ऐनवेळी तुमचंही मानधन कापलं तर ड्रमर-बेसवाल्यांना काय सांगणार? २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील, त्या तारखांचंही आत्ताच लिहून घ्या. गाण्यांच्या हक्कांचं आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन्स हॉटेलनं काढायचं असतं, ते आहे का विचारा.

मानधनातून टीडीएस कापून येतो, म्हणून तिघांत वाटणी हातात येणाऱ्या रकमेवर ठरवा. लीडरनं फोनाफोनी आणि सामानाचा थोडा जादा हिस्सा घ्यावा, पण दोघांना आधी सांगून. हॉटेलचं पेमेंट लांबलं तरी त्या दोघांचे पैसे ठरल्या दिवशी द्या, त्यासाठी एका महिन्याची रक्कम बाजूला ठेवूनच सुरुवात करा. कुणी आजारी पडलं तर प्रत्येक वाद्याला दोन बदली माणसं ठेवा आणि त्यांना गाण्यांची यादी स्वरासकट आधीच पाठवून ठेवा.