प्लेस किक मारताना या चुका टाळा: शैली ओळखा, मग दोष दुरुस्त करा

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्लेस किक, म्हणजे जमिनीवर स्थिर ठेवलेल्या चेंडूला मारलेली किक, शिकणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे एका शैलीचा सल्ला दुसऱ्या शैलीला लावणे. पूर्वीचे किकर चेंडूच्या अगदी सरळ मागून धावत येत आणि बुटाच्या टोकाने चेंडू मारत. 1964 मध्ये पीट गोगोलाकने बफेलो बिल्स या संघाकडून तिरकस धाव घेऊन पावलाच्या वरच्या भागाने किक मारण्याची पद्धत व्यावसायिक मैदानावर आणली आणि 1986 मध्ये सरळ शैलीचा किकर मार्क मोझली निवृत्त झाल्यावर सरळ शैली तेथून जवळपास नाहीशी झाली. तिच्या सूचना मात्र अजूनही सरावात ऐकू येतात.

घोट्याचेच पाहा. दोन्ही शैलींत घोटा ताठ लागतो, पण सरळ शैलीत बोटे वर ओढून, तर तिरकस शैलीत बोटे खाली ताणून. चेंडू आणि पाऊल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरताच टिकतो, त्यामुळे घोटा सैल राहिला तर तो त्या क्षणी मागे दबतो, पायाचा वेग चेंडूपर्यंत पुरता पोहोचत नाही आणि तेवढ्या वेळात काहीही सावरता येत नाही.

टोकाने मारताना स्पर्शाची जागा लहान असते, म्हणून पाऊल किंचित बाजूला सरकले तरी चेंडू भरकटतो. येथे धावेची आणि पायाच्या झोक्याची रेषा सरळ ठेवणे हाच खरा उपाय आहे. 1970 मध्ये 63 यार्डांवरून फील्ड गोल (गोलपोस्टच्या दोन खांबांमधून किक मारून मिळवलेला गोल) करणाऱ्या टॉम डेम्पसीच्या उजव्या पावलाला जन्मतः बोटे नव्हती आणि त्याच्या खास बुटाचा पुढचा भाग सपाट होता, म्हणजे स्पर्शाची जागा टोकापेक्षा मोठी होती, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे.

तिरकस शैलीत मात्र पाय सुरुवातीपासून गोलपोस्टच्या रेषेत ठेवण्याचा हट्ट नुकसान करतो. धाव साधारण 45 अंशांतून येते, कंबर वळते, मांडी पुढे झेपावते आणि मांडीचा वेग मंदावत असताना गुडघा झपाट्याने सरळ होतो. झोका सरळ रेषेत कोंबला की कंबरेचे वळण हरवते आणि त्याबरोबर अंतरही घटते. उलट, वळण नको तितके झाले तर उजव्या पायाच्या किकरचा चेंडू डावीकडे ओढला जातो.

आधाराचा पाय, म्हणजे किक मारताना जमिनीवर टेकलेला दुसरा पाय, ही माझ्या मते सर्वप्रथम तपासण्याची जागा आहे, कारण पुष्कळदा दोष झोक्यात दिसतो पण त्याचा उगम या पायात असतो. तो पाय चेंडूच्या फार पुढे पडला तर मारणारे पाऊल वर उठू लागण्याआधीच चेंडूला भिडते, चेंडू कमी उंचीवरून जातो आणि बचावपटूंच्या हाती लागतो. फार मागे पडला तर शरीर मागे झुकते, चेंडू उंच चढतो पण दूर जात नाही. एकदा बाजूने आणि एकदा मागून चित्रीकरण करा, पाऊल चेंडूला लागते त्या क्षणाच्या चित्रावर थांबा आणि प्रथम आधाराच्या पावलाचे चेंडूपासूनचे अंतर व त्याच्या बोटांची दिशा पाहा. ही दोन्ही स्थिर होईपर्यंत झोक्यात कोणताही बदल करू नका.