पोराला पहिली कार घेताय? स्पोर्ट्सवाली घ्यायच्या आधी हे वाचा

बारावी झाली, पोरगं अठराचं झालं, आणि त्या वर्षी केळीला नाहीतर कापसाला बरा भाव लागला की आमच्या खान्देशात घरोघरी गाडीचा विषय निघतोच. पूर्वी तो बाईकवर मिटायचा, आता थेट कारवर जातो आणि कार पण साधी नाही, टर्बो पाहिजे, लाल शिलाईच्या सीटा पाहिजेत, शून्य ते शंभर किती सेकंदात जाते ते पोराला तोंडपाठ. माझ्या घरातही हेच झालं. "आबा, माले तीच गाडी जोयजे," हे एकच वाक्य मी दोन महिने ऐकलं आणि शेवटी घेऊन दिली, सेकंडहॅन्ड टर्बो पेट्रोल, ११० पीएसच्या आसपासची (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरसारखं माप). साडेतीन महिन्यांनी रात्री साडेनऊला पारोळ्याच्या अलीकडे ती गाडी कापसाच्या ट्रॉलीत मागून घुसली. पोराच्या खांद्याचं हाड मोडलं, ते जुळलं. ट्रॉलीवर बसलेला मजूर खाली पडला, त्याचा पाय मोडला आणि तो सहा महिने कामाला जाऊ शकला नाही. मी त्याच्या घरी जाऊन बसलोय, त्याच्या बायकोसमोर काय बोलावं ते सुचत नव्हतं. पोराने चूक केली पण त्याच्या आधी मी केली, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिली गोष्ट वयाची. आपल्याकडे पंधरा-सोळाचं पोरगं शेतात ट्रॅक्टर फिरवतं म्हणून लोकांना वाटतं त्याला गाडी येतेच. कायद्यात कारला १८ पूर्ण लागतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर आईबापाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या २५ पर्यंत लायसन मिळत नाही. १९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला पोर्श या महागड्या स्पोर्ट्स कारच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअरांचा जीव गेला, ती गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांनी सांगितलं, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय. तेव्हा अठरा झाल्यावर आधी लर्निंग काढा, ते ६ महिने चालतं, पक्क्या लायसनला ३० दिवसांनंतर जाता येतं. पण तिसाव्या दिवशीच जळगाव नाहीतर धुळ्याच्या आरटीओत धावत जायची घाई करू नका, ते सहा महिने पूर्ण वापरा, गाडीला एल लावा आणि शेजारी लायसनवाला माणूस रोज बसवा.

आता मुद्द्याचं. स्पोर्ट्स गाडी का नको?

पोरं म्हणतात गाडी फास्ट असली म्हणजे फास्ट चालवावीच लागते असं थोडी आहे. बरोबर आहे, पण नवख्याच्या बाबतीत तसं होत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात बघा, दत्तजयंतीला एवढे घोडे येतात पण कधीच घोड्यावर न बसलेल्या पोराला कोणी तापट घोड्यावर बसवतं का, त्याला आधी शांत, माणसाळलेलं जनावर देतात. १ लिटरच्या वॅगनआरला ६७ पीएसच्या आसपास ताकद आहे, आय२० एन लाईनला १२०, आणि मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा ५ लिटर इंजिनात ४०० पीएसच्या घरात होती. आपल्याकडे मस्टँग कोणी पोराला देत नाही, पण ६७ आणि १२० मधला फरक नवख्या पायाला पुरेसा आहे.

त्यातून टर्बोचं एक वेगळंच आहे. खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, गाडी मऊ वाटते, मग दीड-दोन हजारच्या पुढे गेली की एकदम ओढ येते. ट्रकला ओव्हरटेक करताना नवख्याला वाटतं बसतंय, बसतंय, आणि ओढ अर्धा सेकंद उशिरा येते तोवर समोरून एसटी. जुन्या माणसाला तो अर्धा सेकंद माहीत असतो, तो आधीच गिअर खाली टाकतो. दुसरं म्हणजे चांगल्या गाडीत स्पीड कळतच नाही. आमची जुनी छोटी गाडी ९० ला आवाज करते, थरथरते, आपोआप पाय वर येतो. त्या टर्बोत ११० ला पण कूलर लावलेल्या खोलीत बसल्यासारखं वाटायचं.

आणि हिशोब बघा, हा मी अपघातानंतर पोराला कागदावर करून दाखवला. १०० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे दिसून पाय ब्रेकवर जायला धरा दीड सेकंद, म्हणजे ४२ मीटर ब्रेक न लागताच गेले. डिपरवर लाईटचा उजेड ४०-५० मीटरच्या पुढे फारसा नसतो. ट्रॉली २० ने चाललीये, मागे लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही. म्हणजे ती दिसली तेव्हाच सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. ७० ला तोच दीड सेकंद २९ मीटरचा होतो, आणि धडकेचा जोर स्पीडच्या वर्गाने वाढतो म्हणून १०० ची धडक ७० च्या दुप्पट बसते. पोरगं ते बघून गप्प बसलं होतं बराच वेळ.

मग घ्यायची कोणती? माझं सरळ मत, पहिलं एक वर्ष पोराच्या नावाची नवीन गाडी घेऊच नका, घरातलीच जुनी द्या. घरात नसेल तर सेकंडहॅन्ड हॅचबॅक, साधं पेट्रोल इंजिन, टर्बो नाही, आणि जुलै २०१९ नंतर बनलेली. ही तारीख मुद्दाम सांगतोय. त्या वर्षी एप्रिलपासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि १ जुलैपासून ड्रायव्हर एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि स्पीडचा बीप सक्तीचा झाला, ८० ला थांबून थांबून वाजतो आणि १२० च्या वर सतत. पोरांना तो बीप आवडत नाही, मला फार आवडतो. पुढे दोन एअरबॅग असतील तर उत्तम, आणि क्रॅश टेस्टचे स्टार नक्की बघा. टाटाच्या नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेचे ५ स्टार मिळाले तेव्हापासून लोक निदान विचारायला तरी लागले, टियागोला ४ मिळाले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप पण सुरू झाली. सनरूफला पैसे घालण्यापेक्षा इथे घाला.

रस्ते पण बघा ना भो. आपली काळी माती पावसाळ्यात टायरला चिकटते, गावात प्रत्येक वळणावर घरगुती स्पीडब्रेकर, शेताकडे गाडरस्ता. खाली बसलेली, पातळ टायरची गाडी इथे वर्षभरात खुळखुळा होते आणि तिचा एक टायर साध्या गाडीच्या दोन टायरांएवढा.

सेकंडहॅन्ड घेताना दिवसा उजेडात बघा, कोल्ड स्टार्ट, म्हणजे इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून बघा, बॉनेटचे आणि दरवाज्याचे बोल्ट खोललेले आहेत का बघा, आणि ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या, दलालाचा नको. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी पोराच्या गाडीला ठेवणार नाही, कारण भुसावळ-जळगावला मे महिन्यात ४५ च्या वर जातं आणि तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटतो. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना भरायची.

इन्शुरन्सचं नीट समजून घ्या, इथे मी फसलो होतो. गाडी माझ्या नावावर, चालवत होता मुलगा. पॉलिसीतला १५ लाखाचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर हा मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचा असतो, त्यात पोरगं धरलं जात नाही. त्याच्यासाठी वेगळा कव्हर घ्या, फार महाग नाही. सेकंडहॅन्ड गाडीची पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) गाडीसोबत येत नाही, तो त्या माणसाचा असतो. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी, २०२२ च्या दराने कारला १००० सीसीपर्यंत २,०९४, १५०० पर्यंत ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये होती, बाकी सगळा खर्च फुल इन्शुरन्सचा. लायसन नसलेल्याने चालवली आणि ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम विसरा, आणि समोरच्याला दिलेले पैसे पण कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते.

आता चालवायला कसं शिकवायचं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच, गिअर, एच काढणं हे येतं, रस्ता येत नाही. आम्ही दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा असं केलं की पहिला महिना फक्त सकाळी, गावातून शेत आणि परत. मग बाजाराच्या दिवशी गर्दीतून, तिथे स्पीड नसतो पण डोकं तयार होतं. मग दिवसा हायवे, म्हणजे आधीचा सहा नंबर, आताचा ५३, पारोळ्याहून धुळ्यापर्यंत नाहीतर जळगावपर्यंत, मी शेजारी. पाऊस लागला की मुद्दाम बाहेर काढायची. रात्र सगळ्यात शेवटी, तीही कापसाच्या सीझनमध्ये नाहीच. घाट तर आणखी नंतर, चाळीसगावच्या पुढचा कन्नडचा घाट उतरताना पोरं चौथ्या गिअरवर ब्रेक दाबून दाबून उतरतात आणि ब्रेक तापतात, ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं हे हातात बसेपर्यंत शेजारी बसून सांगावं लागतं. तोरणमाळला पोरं पावसाळ्यात जातातच, पहिल्या वर्षी तिथे मित्रांबरोबर नाही पाठवायचं. मित्र बसले की पाय जड होतो, माझ्या पोराच्या गाडीत त्या रात्री तिघं होते.

पट्टा मागच्यांनी पण लावायचा. फोन डॅशबोर्डच्या खणात. रात्री यायला उशीर होणार असेल तर मुक्काम कर म्हणायचं आणि खरंच रागवायचं नाही, हे आईबापाला सगळ्यात अवघड. त्याची आई म्हणायची, "पोऱ्या घर येत नही तवलग डोयाले डोया लागत नही," आणि त्या काळजीपोटी आम्हीच दर दहा मिनिटांनी फोन करायचो, म्हणजे चालवताना तो उचलणारच. आता निघताना एक फोन, पोचल्यावर एक.

आणि पोराला नुसतं नाही म्हणू नका. नाही म्हटलं की ते मित्राची गाडी चालवतं आणि ते जास्त धोक्याचं. त्याला आकडे दाखवा, बोली करा, की दोन वर्षं एकही ठोकर नाही, एकही चलान नाही, पेट्रोल आणि सर्व्हिसिंगचा हिशोब वहीत, मग एकविसाव्या वर्षी टर्बोचं बोलू. हौस वाईट नाही. मला स्वतःला चांगल्या इंजिनाचा आवाज आवडतो. ती टर्बो विकली तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं.

डिकीत स्टेपनी, जॅक, त्रिकोण, टॉर्च हे असतंच, त्यात लाल रिफ्लेक्टर टेपचा एक रोल टाका. आमचं पोरगं दसऱ्यापासून कापूस संपेपर्यंत गावातल्या ट्रॉल्यांच्या मागे फडक्याने धूळ पुसून तो चिकटवत फिरतं, धुळीवर चिकटत नाही म्हणून पुसणं महत्त्वाचं, आणि फळीच्या दोन्ही कडांना लावायचा म्हणजे मागच्याला ट्रॉलीची रुंदी कळते.