पुस्तक मिटा आणि आठवू द्या

आपलं मूल 'बघून शिकणारं' की 'ऐकून शिकणारं', असा शिक्का मारायची घाई करू नका. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या अशा शिकण्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकता येतं याला पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही.

आवडी मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्या आठवण्याच्या कामी लावा. धडा एकदा नीट वाचून झाला की पुस्तक मिटायचं. चित्रं आवडणाऱ्या मुलाला जलचक्र कोऱ्या कागदावर, न बघता काढू द्या. बोलक्या मुलीकडून तेच समजावून घ्या आणि मध्येच विचारा, "मग ढगातलं पाणी खाली का येतं?" एका जागी न बसणाऱ्याने फेऱ्या मारत सांगितलं तरी काही बिघडत नाही. मग पुस्तक उघडून काय सुटलं, ते मुलानेच शोधायचं. तुम्ही लगेच चूक दाखवू नका, हे सगळ्यात अवघड जातं!

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात ५ मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून पाहणारे. म्हणून वाचल्यावाचल्या "मला येतं" म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा ३-४ दिवसांनी विचाराच.

भूमितीला आकृती हवीच, कविता मोठ्यानेच म्हणायला हवी. तिथे मुलाची आवड बाजूला ठेवा.